हौस नाही म्हणणाऱ्यांना

आमच्या शाळेच्या ग्रुपवर हा वाद अधूनमधून पेटतोच. एखाद्या मराठी चित्रपटाचे शो पहिल्या आठवड्यातच उतरवले जातात, निर्माता कॅमेऱ्यासमोर हात जोडतो, आणि पुण्यातले माझे वर्गमित्र निकाल देऊन मोकळे होतात: मराठी माणूस थिएटरात जातच नाही, मग गळा कशाला काढायचा? ओटीटीवर आला की बघू. या वेळी एकाने लिहिलं, ‘आपल्या लोकांना मुळात सिनेमाची हौसच नाही.’ तो आणि मी एकाच पेठेत वाढलो. हे खरं नाही, हे त्यालाही माहीत आहे.

मी राहतो त्या फ्रान्समधल्या ल्यों शहरात ल्युमिएर बंधूंनी १८९५ मध्ये आपल्या कारखान्यातून बाहेर पडणारे कामगार चित्रित केले. पुढच्याच वर्षी, ७ जुलै १८९६ ला, मुंबईच्या वॉटसन हॉटेलात त्यांच्या चित्रपटांचे खेळ झाले. ते पाहून हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकरांनी परदेशातून कॅमेरा मागवला आणि १८९९ मध्ये मुंबईत कुस्ती चित्रित केली. ज्या भाषेच्या माणसाने इतक्या लवकर हे वेड लावून घेतलं, तिला हौस नाही?

हौस काय असते ते मी ताईकडून शिकलो. ती माझ्याहून बरीच मोठी, तेव्हा कॉलेजात. आमच्या घरात मुलीने एकटीने किंवा नुसत्या मैत्रिणींबरोबर सिनेमाला जायचं नाही असा नियम होता. ‘धाकट्याला बरोबर ने,’ ही आईची अट. म्हणजे मी तिची परवानगी होतो. तिच्या शिकवणीच्या पैशातून माझं तिकीट निघायचं. प्रभात, विजय, भानुविलास, अलका, सगळी थिएटरं पायी जाण्यासारखी. खिडकीवर बायकांची रांग वेगळी आणि आखूड असायची, त्यामुळे पुरुषांच्या रांगेतले अनोळखी लोक ताईला विनवायचे, ‘दोन तिकिटं आमचीही काढता का?’ ती कधी काढायची, कधी सरळ नाही म्हणायची, पण माझं मनगट सोडायची नाही.

आत गेल्यावर तिचे नियम. वृत्तचित्र सुरू व्हायच्या आधी खुर्चीत बसलंच पाहिजे. सेन्सॉरचं सर्टिफिकेट आलं की रिळांचा आकडा वाचायचा, म्हणजे सिनेमा किती मोठा ते कळतं. फ्लॅशबॅक आला की ती कानात सांगायची, ‘हे आधी घडलंय.’ मला रडू आलं तर ती बघायची नाही, फक्त रुमाल पुढे करायची. मात्र घरी गेल्यावर आईला गोष्ट मी सांगायची, पहिल्यापासून, काही न गाळता. चुकलो की ताई स्वयंपाकघरातून ओरडायची, ‘त्याच्या आधी विहिरीचा सीन आहे!’ प्रेक्षक असा तयार होतो. थोरलं भावंड धाकट्याला करतं, धाकटं पुढे कुणाला तरी. १९९१ मध्ये ‘माहेरची साडी’ आला तेव्हा आमच्या वाड्यातल्या बायका एकमेकींना घेऊन गेल्या. आम्हाला जाहिरातींनी थिएटरात नेलं नाही, घरच्यांनी नेलं.

पण त्यासाठी थिएटर जवळ लागतं आणि तिकीट शिकवणीच्या पैशात बसावं लागतं. मराठी चित्रपटांना पुढे करमणूक कर माफ झाला होता. २०१७ मध्ये जीएसटी आला, त्यात करमणूक कर विलीन झाला आणि ती माफीही गेली. १९३४ पासून चाललेल्या प्रभातचं ते नाव २०१४ च्या अखेरीस उतरलं. आज कॉलेजातल्या मुलीला धाकट्या भावाला न्यायचं तर रिक्षा, मॉल, दोन तिकिटं आणि पॉपकॉर्न. एवढा हिशेब करून ती घरीच मोबाइल बघते. मग आपण म्हणतो, हौस नाही.

इथे बुधवारी दुपारी माझी मुलगी धाकट्या भावाला घेऊन बेर्तलो रस्त्यावरच्या कोमेदिया थिएटरात जाते. त्याचं तिकीट स्वस्त. चौदा वर्षांखालच्यांसाठी थिएटरवाल्यांनी २०१४ मध्ये देशभर चार युरोंचा दर सुरू केला. प्रत्येक तिकिटातले १०.७२ टक्के सिनेमाच्याच निधीत जातात आणि त्यातून छोट्या थिएटरांनाही मदत मिळते. थिएटरात लागलेला चित्रपट दाखवायला नेटफ्लिक्सला पंधरा महिने थांबावं लागतं. कोमेदियाही एकदा बंद पडलं होतं, २००६ मध्ये पुन्हा उघडलं. आपलं सरकार निर्मात्याला अनुदान देतं. ते हवंच, पण चौथीतल्या पोराच्या तिकिटासाठी कुणी काय दिलं?

हे ग्रुपवर लिहिलं की उत्तर ठरलेलं: ‘तुझं बरं आहे, युरोत कमावतोस, तिथून सल्ले दे.’ मला याचा राग येतो. पुण्यातलं थिएटर बंद झालं की मला इथे झोप लागत नाही, हे या लोकांना दिसत नाही. आणि हा प्रश्न श्रीमंतीचा नाहीच. आपल्याकडे पैसा नव्हता तेव्हा थिएटरं भरलेली होती.

ताईला फोन केला, ती तरी माझ्या बाजूने बोलेल म्हणून. ती म्हणाली, ‘मित्राचं अगदीच चूक नाही. मीही आता टीव्हीवरच बघते.’ मग तिने सांगितलं की २०२३ मध्ये ‘बाईपण भारी देवा’ला भिशीच्या सगळ्याजणी नऊवारी नेसून गेल्या होत्या, ती त्यांच्यात होती, खूप मजा आली. त्यानंतर? ‘त्यानंतर कुणाबरोबर जाऊ? तू इथे असतास तर गेले असते.’

यावर मला बोलता आलं नाही. मराठी माणसं इथे कधीतरी हॉल भाड्याने घेऊन एखादा चित्रपट लावतात. तो कसाही असो, मी जातो, मध्यंतरात कुणीतरी मराठीत ‘पुढे काय होईल?’ असं विचारेल म्हणून. माझी मुलं येत नाहीत. ती बुधवारी घरी परतल्यावर मुलगा मला गोष्ट सांगतो आणि बहीण मधूनच त्याला दुरुस्त करते, अगदी ताईसारखी, पण फ्रेंचमध्ये. त्यातल्या निम्म्या विनोदांवर ती दोघं हसतात आणि मी नुसता बघत राहतो. मला आनंद होतो आणि हेवाही वाटतो. हे सगळं त्यांना आमच्या पेठेत, मराठीत मिळायला हवं होतं, असं मला फार वाटतं. ग्रुपवर मी करमाफीवर लिहितो, तिकिटांच्या दरांवर लिहितो, पण हे लिहीत नाही. लिहिलं तर पहिला मेसेज येईल, ‘मग परत ये की.’