व्हिडिओच्या आधीचं युगांडा
युगांडात बेसबॉल वाढला तो तिथला तरुण बेसबॉल खेळाडू डेनिस कासुम्बा याच्या व्हायरल व्हिडिओंमुळे, हे लेखातलं विधान अजिबात पटलं नाही. कंपालाची मुलं २०११ मध्येच लिटल लीग वर्ल्ड सिरीजसाठी, म्हणजे अमेरिकेत होणाऱ्या मुलांच्या जागतिक बेसबॉल स्पर्धेसाठी, पात्र ठरली होती. कागदपत्रांतल्या तफावतीमुळे अमेरिकेचा व्हिसा नाकारला गेला. पुढच्याच वर्षी युगांडातल्याच लुगाझी गावाचा संघ तिथे खेळला, आफ्रिकेतला पहिला. आणि २०१५ मध्ये युगांडाच्या पोरांनी चक्क बेसबॉलमधल्या दिग्गज डॉमिनिकन रिपब्लिकला हरवलं!

कासुम्बाची जिद्द मोठीच आहे. पण मी शाळेत सॉफ्टबॉल शिकवते, एकच ग्लोव्ह आळीपाळीने वापरणारी मुलं खेळात टिकवणं किती कठीण असतं ते रोज बघते. तिथल्या शाळांमधल्या प्रशिक्षकांबद्दल लेखात एक ओळही नसावी? २०२२ मध्ये डॉजर्स या अमेरिकेतल्या व्यावसायिक संघाने करारबद्ध केलेले दोन युगांडन खेळाडूही राहूनच गेले.