याकोबाची श्रद्धा कमी पडली होती का?

ईस्टरआधीचा उपवासकाळ आला की ख्रिस्ती मंडळ्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक मजकूर फिरू लागतो. थोडक्यात तो असा: पहिली 300 वर्षं प्रत्येक रोमन सम्राटाने ख्रिस्ती लोकांची कत्तल केली, नीरोने त्यांना कलोसियममध्ये सिंहांपुढे टाकलं, ते भुयारांत लपून राहिले, आणि ज्यांची श्रद्धा डळमळली नाही, त्यांना देवाने येशूचा शिष्य पेत्र याच्यासारखं तुरुंगातून सोडवलं. यातलं शेवटचं वाक्य सगळ्यात घातक आहे. आजारी लेकराच्या उशाशी बसलेल्या आईला ते सांगतं, की तुझाच विश्वास तोकडा पडला. मग पेत्राच्या सुटकेआधीच मारल्या गेलेल्या याकोब या प्रेषिताचंही तेच म्हणायचं का? म्हणून एकेक दावा तपासून पाहू.

"प्रत्येक सम्राटाने कत्तल केली." छळ झाला, भयंकर झाला, पण सलग झाला नाही. नीरोने 64 साली रोमच्या आगीचं खापर ख्रिस्ती लोकांवर फोडलं, ते रोमपुरतं. 112 च्या सुमारास बिथुनियाचा (आजच्या तुर्कस्तानातला प्रांत) सुभेदार प्लिनी सम्राट त्रायानला विचारतो, की या लोकांचं करायचं काय? त्याची रीत अशी: तीनदा विचारायचं, "तू ख्रिस्ती आहेस का?", तिन्ही वेळा हो म्हटलं की मृत्युदंड, नाही म्हणणाऱ्याने सम्राटाच्या मूर्तीपुढे धूप आणि द्राक्षारस अर्पण करून ख्रिस्ताला शाप द्यायचा. त्रायानचं उत्तर: त्यांना शोधत फिरू नका, निनावी तक्रारी घेऊ नका, पण आरोप सिद्ध झाला तर शिक्षा करा. म्हणजे शेजाऱ्याचं वैर जागं झालं की जीव धोक्यात, एरवी वर्षानुवर्षं शांतता. हे असं टांगणीला लागलेलं जगणं त्या मजकुरात कुठेच दिसत नाही.

साम्राज्यभर लागू झालेला पहिला हुकूम सम्राट देकियसचा, 249 च्या अखेरीस निघालेला: सगळ्यांनी देवांना बली द्यावा. त्याची कागदपत्रं इजिप्तच्या वाळूत टिकली. 1893 साली प्रसिद्ध झालेला एक पपायरस पाहा. गावच्या बलिदान समितीला उद्देशून अर्ज आहे. अर्जदार औरेलियस दिओगेनेस, सताबूसचा मुलगा, वय 72, उजव्या भुवईवर व्रण. तो लिहितो, की मी देवांना नेहमीच बली देत आलो आहे आणि आत्ताही तुमच्यासमोर बली दिला, पेयार्पण केलं, अर्पिलेल्यातलं चाखलं. तसा दाखला द्यावा. तारीख 26 जून 250. असाच दाखला पेतेसूखोस या मगरदेवाच्या पुजारिणीनेही घेतलेला सापडला आहे! हुकूम सगळ्यांनाच होता. अडकले ते ख्रिस्ती.

आणि पुष्कळजण मोडले. कुणी बली दिला, कुणी पैसे चारून नुसता दाखला मिळवला. छळ ओसरल्यावर अशांना मंडळीत परत घ्यायचं का, कोणत्या प्रायश्चित्तानंतर, यावरून उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजची मंडळी फाटली. तिथला बिशप सिप्रियन या वेळी स्वतः लपून होता. पुढे सम्राट वालेरियनच्या छळात 14 सप्टेंबर 258 ला त्याने तलवारीखाली मान दिली. लपणं आणि मरणं एकाच माणसाच्या आयुष्यात. 260 मध्ये सम्राट गालिएनसने छळ थांबवून मालमत्ता परत दिली, आणि 303 मध्ये सम्राट दियोक्लेतियनने चर्चं पाडायला, शास्त्रग्रंथ जाळायला सुरुवात करेपर्यंत सुमारे 40 वर्षं निवांत गेली.

कलोसियमचं लवकर आटोपतं: ते 80 साली खुलं झालं, नीरो 68 सालीच मेला होता.

भुयारं म्हणजे कॅटाकोंब ही दफनभूमी. शहराच्या वेशीच्या आत पुरायला रोमन कायद्याने बंदी होती, म्हणून रस्त्यांच्या कडेला मऊ दगडात ती खोदली. सरकारला ती चांगली ठाऊक होती. वालेरियनने 257 मध्ये तिथे जायला मनाईच केली. रोमचा बिशप दुसरा सिक्स्तस 6 ऑगस्ट 258 ला दफनभूमीतच सापडला आणि मारला गेला. तिथे लोक जमत, हे खरं, राहत नसत.

आता सुटकेचा दावा. आधी इतिहासाची साधनं नीट निवडा. पर्पेतुआ ही ख्रिस्ती स्त्री 203 साली कार्थेजमध्ये मारली गेली. तुरुंगातलं तिचं स्वतःचं लिखाण आपल्या हाती आहे. प्रेषित पौलाची शिष्या थेक्ला हिच्याभोवतीची आग पावसाने विझल्याची कथा मात्र वेगळ्या वजनाची: ख्रिस्ती लेखक तेर्तुलियन सांगतो, की ती लिहिणाऱ्या आशिया प्रांतातल्या मंडळीच्या वडिलाने (पुढाऱ्याने) पौलावरच्या प्रेमापोटी लिहिल्याचं कबूल केलं आणि त्याला पद सोडावं लागलं. स्मुर्णाचा बिशप पॉलिकार्प याच्या हौतात्म्याचा वृत्तान्त म्हणतो, की ज्वाळा शिडासारख्या फुगून त्याच्याभोवती उभ्या राहिल्या, त्याला जाळलं नाही. पुढचं वाक्यही वाचा: मग त्याला खंजीर भोसकला. लिओंमध्ये (आजच्या फ्रान्समध्ये) 177 साली ब्लांदिना या ख्रिस्ती दासीला श्वापदांनी शिवलं नाही. काही दिवसांनी बैलापुढे टाकून तिला मारलंच.

आणि पेत्र? बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये हे पुस्तक, अध्याय 12, पहिल्या ओवीपासून वाचा, तिसरीपासून नको. इथे रोमन सम्राट नाहीच. यहूदियाचा राजा हेरोद अग्रिप्पा आहे, थोरल्या हेरोदाचा नातू, 44 साली कैसरियात मेलेला. तो योहानाचा भाऊ याकोब याला तलवारीने मारतो. मूळ ग्रीकमध्ये अवघे 7 शब्द. त्यानंतर पेत्राला धरतो: चार-चार शिपायांच्या चार तुकड्या, दोन साखळ्या, दोन्ही बाजूंना शिपाई. साखळ्या गळतात, लोखंडी दरवाजा आपोआप उघडतो. याकोब पेत्रापेक्षा कमी विश्वासू होता, असं या पुस्तकाचा लेखक लूक कुठेही सुचवत नाही.

उलट, सुटकेसाठी प्रार्थना करणाऱ्यांचाच विश्वास बसत नाही. पेत्र मरियेच्या घराची दिंडी ठोठावतो. दासी रुदा आवाज ओळखते आणि आनंदाच्या भरात दार न उघडताच आत पळते. आतले म्हणतात, तू वेडी आहेस. पेत्र बाहेर ठोठावतच राहतो. ज्यांनी सुटकेसाठी प्रार्थना केली, त्यांनाच ती खरी वाटत नव्हती, तरी ती झाली. अध्याय 5 मध्ये प्रेषित तुरुंगातून सुटतात, पुन्हा धरले जातात आणि फटके खातात. अध्याय 16 मध्ये फिलिप्पैच्या तुरुंगाची सगळी दारं उघडतात, पण पौल आणि सीला जागचे हलत नाहीत, म्हणून जीव द्यायला निघालेला बंदिशाळेचा नायक वाचतो.

पेत्राच्या पहारेकऱ्यांचं तसं झालं नाही. सकाळी हेरोदाने त्यांची चौकशी केली आणि त्यांना मृत्युदंड दिला. ओवी 19, फिरणाऱ्या मजकुरात ती कधीच नसते.