गूळ-चुना लावा आणि डॉक्टर टाळा?

उन्हाळा लागला की तो मेसेज फिरायला लागतो. यंदा मला तो एका पेशंटच्या मुलाने, वडिलांचं ड्रेसिंग चालू असतानाच दाखवला. मजकूर साधारण असा: गळू म्हणजे रक्तातली उष्णता बाहेर पडते, आंबे बंद करा, कडुनिंबाचा रस प्या. वर गूळ-चुना लावा, पिकलं की पिळून काढा. चिरलं तर अंगभर पसरतं. फार तर पाच दिवस अँटिबायोटिक घ्या. तपासण्या म्हणजे निव्वळ लूट.

उष्णतेचं आधी उरकून घेऊ. १८८०च्या सुमारास ॲबर्डीनचे सर्जन अलेक्झांडर ऑग्स्टन यांनी गळवातला पू मायक्रोस्कोपखाली पाहिला. द्राक्षाच्या घोसासारखे दिसणारे जिवाणू त्यात सापडले आणि त्यांना स्टॅफिलोकॉकस हे नाव ऑग्स्टन यांनीच दिलं. आजही बहुतेक गळवांमागे हाच असतो. कित्येकांच्या नाकात, काखेत, जांघेत तो एरवी गुपचूप राहतो. घाम, घामोळं, खाजवणं, बोथट ब्लेड यांनी कातडीला बारीक वाट मिळाली की केसाच्या मुळाशी शिरतो. उन्हाळ्यात घाम आणि आंबे एकदमच येतात, म्हणून आळ आंब्यावर. आंब्याच्या चिकाने ओठाभोवती पुरळ उठतं हे खरं, पण ते गळू नव्हे.

गूळ-चुना. चुन्याने कातडी भाजते. ‘बघा, पिकलं’ म्हणून दाखवतात ते कधी कधी नुसतं सोललेलं कातडं असतं. छोट्या केसतुडाला कोमट पाण्याच्या शेकाने खरंच आराम पडतो. मेसेजात नेमका तोच नाही.

पिळू तर नकाच. पुवाभोवती शरीराने कुंपण घातलेलं असतं, दाबलं की ते आतल्या बाजूला फुटतं. नाक आणि वरच्या ओठावरच्या फोडाला तर नखही लावू नये. तिथल्या शिरांचा संबंध डोळ्यामागून थेट मेंदूच्या तळाशी पोचतो. क्वचितच घडतं, पण घडलं तर जिवावर बेततं.

आता ‘चिरलं की पसरतं’. ड्रेसिंग चालू होतं त्या काकांच्या मानेवर काळपुळी, म्हणजे आतून जोडलेल्या गळवांचा पुंजका, होती. आठ दिवस लेप झाला होता, सोबत मेडिकलमधून आणलेल्या गोळ्या. माझ्याकडे आले तेव्हा चाळणीसारख्या पाच-सहा तोंडांतून पू झिरपत होता आणि मान वळत नव्हती. पसरलं ते न चिरता. पुवाच्या पोकळीत रक्तवाहिन्याच नसतात, मग रक्तातून येणारं औषध तिथे पोचणार कसं? गोळ्यांनी ठणका थोडा उतरतो, ताप जातो, गाठ आत तशीच राहते. म्हणून पू चिरूनच काढावा लागतो.

उलटही होतं. पाय लाल, गरम, सुजलेला आहे, पण पू नाही, म्हणजे सेल्युलायटिस. तिथे काम औषधाचं, सुरीचं नाही. हा फरक हाताने ओळखायचा. गाठीवर दोन बोटं ठेवून एकाने दाबलं की पू असेल तर दुसरं उचललं जातं. मान, कुल्ला अशा जाड भागांत बोटं फसतात, तिथे सोनोग्राफी. लालीच्या कडेने पेनने रेघ मारून मी पेशंटला घरी पाठवतो. लाली रेघेबाहेर गेली की लगेच परत यायचं.

तपासण्यांबद्दल तक्रार अगदीच खोटी नाही. धडधाकट पोराला एकच गळू झालं तर यादीभर तपासण्या कशाला? पण काकांच्या बोटातून थेंबभर रक्त घेतलं तर साखर ३४० निघाली. मधुमेह आहे हे घरात कोणालाच माहीत नव्हतं. गळवं पुन्हा पुन्हा होत असतील तर साखर आणि पुवाचं कल्चर, म्हणजे त्यातले जंतू वाढवून ओळखणं, हवंच. तेही जमलं तर अँटिबायोटिक सुरू करण्याआधी, आतला पू घेऊन. जखमेवरून बोळा फिरवला तर बरेचदा कातडीवरचेच जंतू सापडतात.

मेसेजची बाजू एका ठिकाणी घेतो. मानेतली गाठ दुखत नाही, गरम नाही, महिनाभर हळूहळू वाढतेय, ती सरळ चिरू नये. ऑग्स्टन यांना अशा ‘थंड’ गळवांत ते घोस दिसले नव्हते. आपल्याकडे अशी गाठ बहुधा टीबीची निघते. सुईने पू काढून तो टीबीसाठी तपासतात. नुसती चिरली तर महिनोन्‌महिने वाहत राहते. जांघेतली गाठ बोटाखाली नाडीसारखी उडत असेल तर आधी डॉप्लर, म्हणजे रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी, कारण ती गाठ म्हणजे फुगलेली रोहिणी (धमनी) असू शकते.

‘पाच दिवस’ मात्र काही जणांना परवडत नाहीत. वरून फारसं काही दिसत नाही आणि पेशंट कळवळतोय, किंवा कातडी जांभळी-काळी पडतेय, पाण्याचे फोड येतायत किंवा दाबल्यावर आत करकर लागतेय, तर आतला थर सडत चालला असण्याची शक्यता असते. रक्ताचा रिपोर्ट येईपर्यंतही न थांबता, त्याच रात्री, ऑपरेशनची सोय असलेल्या हॉस्पिटलात न्यायचं.