अंदमानला निघालेल्यांनो, स्कूबा शेवटच्या दिवशी ठेवू नका

दिवाळीच्या सुट्टीत आमची निम्मी सोसायटी अंदमानला निघालीये. ग्रुपवर चर्चा कसली, तर तिकडे साधं वरण-भात मिळेल का आणि बाकरवडीची किती पाकिटं न्यायची. स्पष्टच बोलते, पोटाची काळजी पुणेकराला शिकवावी लागत नाही. टूरवाल्याने पाठवलेला कार्यक्रम मात्र कोणी धड वाचलेला नाही. त्यात शेवटच्या दिवशी सकाळी नॉर्थ बेच्या किनाऱ्यावर स्कूबा, म्हणजे पाठीला हवेची टाकी लावून पाण्याखाली डुबकी, आणि दुपारी विमान आहे!

पाण्याखाली दाब वाढतो, तसा श्वासातला नायट्रोजन रक्तात जास्त विरघळतो. वर आल्यावर तो बाहेर पडायला वेळ लागतो. त्याआधीच विमानात बसलात तर केबिनमधल्या कमी दाबाने त्याचे बुडबुडे होऊ शकतात. मग सांधेदुखीपासून लकव्यापर्यंत काहीही. एका डाइव्हनंतर किमान 12 तास आणि जास्त डाइव्ह केल्या तर किमान 18 तास विमान नको, असं डायव्हिंगवाले स्वतःच सांगतात. मी म्हणते, अख्खा दिवस मोकळा सोडा. सेल्युलर जेल शेवटी ठेवा की! सावरकरांची कोठडी पाहिल्याशिवाय तसंही आपल्यातलं कोणी परतणार नाही.

स्कूबाआधी एक आरोग्याचा फॉर्म भरून घेतात. दमा, बीपी, हृदयविकार सगळ्यापुढे ‘नाही’ लिहून सही ठोकणारे काका प्रत्येक ग्रुपमध्ये असतात. त्यांच्या मुलांनी लक्ष घालावं. सर्दीने नाक चोंदलं असेल तरी उतरू नका, कानाचा पडदा फाटू शकतो.

आता ऊन. घड्याळ आपलंच, पण अंदमान इतकं पूर्वेला आहे की सूर्य पुण्याच्या सव्वा तास आधी डोक्यावर येतो. तिथले सकाळचे साडेनऊ म्हणजे आपले पावणेअकरा. ‘कोवळ्या उन्हात’ मुलांना पाण्यात सोडताना एवढं ध्यानात असू द्या.

मगरीची पाटी दिसली तर तिथे पाण्यात पायसुद्धा घालायचा नाही. ती फोटोसाठी लावलेली नसते, खाऱ्या पाण्यातल्या मगरी तिथे खरंच आहेत. किनाऱ्यावरून परतणाऱ्या पाण्याच्या प्रवाहाने समुद्रात आत ओढलं तर किनाऱ्याकडे झटापट करत बसू नका. किनाऱ्याला समांतर पोहत प्रवाहाबाहेर पडा आणि मग वळा. आणि हो, टिळक टँकवर पोहता येतं म्हणजे समुद्रात पोहता येतं असं नाही.

डेंगीचा डास दिवसा चावतो आणि ताप बहुतेक वेळा चार ते दहा दिवसांनी येतो, म्हणजे तोवर तुम्ही घरी, फराळाचे डबे पुसत. तेव्हा ‘प्रवासाचा शीण’ म्हणून अंगावर काढू नका. डॉक्टरांना अंदमानचं आवर्जून सांगा, म्हणजे ते मलेरियाही तपासतील. तोवर पॅरासिटामॉल चालेल, पण मनाने आयब्युप्रोफेन किंवा अॅस्पिरिन नको, डेंगी असेल तर रक्तस्रावाचा धोका वाढतो.

रविवारी अ‍ॅडव्हान्स भरायचाय. त्याआधी टूरवाल्याला फोन करून स्कूबाचा दिवस बदलून घ्या. एकट्याने सांगितलं तर तो ‘बघतो’ म्हणेल, दहा घरांनी सांगितलं तर बदलेल.