आगरकर ऑलराउंडर होता का?

शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर अजित आगरकरचं नाव काढलं की अर्धा तास गेलाच समजा. काल पक्याने काढलं. विषय होता वन-डेत सातव्या नंबरला येऊन दहा ओव्हर टाकणारा माणूस आपल्याला का मिळत नाही. पक्या म्हणाला, "मिळाला होता की. आपला अजित. वाया घालवला."

शऱ्याने हातातली कटिंग खाली ठेवली. "ऑलराउंडर? 191 वन-डे, बॅटिंगची सरासरी साडेचौदा, फिफ्ट्या तीन. काय बोलतोस!"

"विकेटा पण सांग. 288."

"म्हणजे बॉलर झाला ना. त्याला मी कुठे नाही म्हणतोय?"

पक्याचं म्हणणं, सातव्या-आठव्या नंबरवाल्याला सरासरीने मोजायचंच नाही. डिसेंबर 2000, राजकोट, समोर झिंबाब्वे. 21 चेंडूंत पन्नास, शेवटी 25 चेंडूंत नाबाद 67. पुढे सेहवाग आणि द्रविड दोघांनीही 22 चेंडूंत पन्नास केले, म्हणजे त्याच्या मागेच. शिवाय हजार धावा आणि दोनशे विकेटा 133 सामन्यांत, दक्षिण आफ्रिकेच्या पोलॉकपेक्षा लवकर. बरं, 2002 मध्ये जमशेदपूरला विंडीजविरुद्ध तिसऱ्या नंबरला पाठवला तर 95 काढले. (मॅच आपण हरलो, ते पक्या सोयीस्करपणे विसरला.)

अण्णा तोवर गप्प होते. "अरे, तो मुळात बॅट्समन. सचिनला घडवणाऱ्या आचरेकर सरांकडचा. शाळेच्या क्रिकेटमध्ये धावांवरच नाव झालं त्याचं. मग 98 मध्ये कोचीला वन-डेत आला आणि 23 सामन्यांत 50 विकेटा काढल्या, ऑस्ट्रेलियाच्या लिलीचा विक्रम मोडला. एवढीशी चण, पण बॉल अंगावर यायचा. बॅटिंग येते आणि विकेटा काढतो म्हटल्यावर लोकांनी ठरवूनच टाकलं, हा पुढचा कपिल देव."

मला वाटतं घोळ तिथेच झाला. धावा मोजत बॉलिंग केली असती तर त्याला कुणी काही म्हटलं नसतं. पण तो विकेटसाठीच टाकायचा, मग एखाद्या ओव्हरला पंधरा जायच्या आणि आपण टीव्हीसमोर शिव्या घालायचो. वर बॅटिंगला आला की पन्नासचीच अपेक्षा.

आणि 2003 चा वर्ल्ड कप बघा. आगरकर संघात होता, एकही सामना खेळला नाही. सात बॅट्समन हवेत म्हणून द्रविडला कीपर केला, आणि पाचव्या बॉलरच्या ओव्हर्समध्ये सेहवाग, सचिन, युवराज, मोंगिया हात फिरवत होते. श्रीनाथ, झहीर, नेहरा जोरात होते हे मान्य. पण सातव्या नंबरचा भरवसा असता तर त्याला बाहेर बसवलाच नसता. कॅप्टनने निकाल तेव्हाच दिला होता.

"बघ!" शऱ्या.

"काय बघ? इंग्लंडमधल्या लॉर्ड्सच्या मैदानावर सचिनचं शतक नाही, अजितचं आहे. नाबाद 109."

"आणि ऑस्ट्रेलियाविरुद्ध ओळीने सात भोपळे, ते कुणाचे?"

"ए, ते टेस्टमधले. आपण वन-डेचं बोलतोय."

"मग लॉर्ड्स काय वन-डे होती का रे?"

यावर पक्याने पुढच्या कटिंगचे पैसे द्यायला साफ नकार दिला.