घोट्याची पकड इथे चालत नाही

मेलबर्नच्या आमच्या उपनगरातील फुटबॉल क्लब जुना आहे, पण महिलांचा संघ तिथे या वर्षी पहिल्यांदाच उभा राहतो आहे. इथे फुटबॉल म्हणजे ‘फुटी’. मैदान लंबगोल, चेंडूही लांबट, आणि दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन खांबांमधून चेंडू लाथेने गेला तर सहा गुण, बाजूच्या फटीतून गेला तर एक. एप्रिलमध्ये हंगाम सुरू होईल. माझी एकोणीस वर्षांची लेक संघात आहे, त्यामुळे आठवड्यातून दोन संध्याकाळी मी कठड्याला टेकून सराव पाहत उभी असते, आणि त्याच वेळी फोनवर इचलकरंजीच्या माहेरच्या ग्रुपवर दुसराच वाद पेटलेला असतो. भाची मंडळाकडून कबड्डी खेळते आणि तिचा प्रश्न साधा आहे: २०१४पासून पुरुषांची प्रो कबड्डी चालू आहे, मग मुलींची का नाही? तिच्या वडिलांचे, म्हणजे माझ्या थोरल्या भावाचे, उत्तर ठरलेले असते: “आधी बघणारी माणसं आणा, मग लीग काढा.”

दादाचे म्हणणे मला पूर्वी पटायचे. इथला सराव पाहू लागल्यापासून ते तितकेसे पटत नाही, पण इथल्या लोकांना सगळे जमले आहे आणि आपल्याला काहीच नाही, असेही मला म्हणायचे नाही. माझ्या मते दोन्हीकडची इमारत अर्धवट आहे, फक्त अर्धे भाग वेगवेगळे आहेत.

आमच्या संघात सव्वीस जणी आहेत. त्यातल्या निम्म्या जणींनी आयुष्यात कधी फुटीचा सामना खेळलेला नाही. कुणी नेटबॉलमधून आली आहे, कुणी बास्केटबॉलमधून, आणि एक परिचारिका ड्यूटी संपवून थेट मैदानावर येते आणि गाडीतच बूट बदलते. मुठीने चेंडू पास करणे त्यांना दोन आठवड्यांत जमले. लाथ मात्र अजून वाकडीच बसते, कारण लाथेचा सराव लहानपणी व्हावा लागतो आणि लहानपणी या मुलींना कुणी खेळू दिले नव्हते. व्हिक्टोरियात, म्हणजे मेलबर्नच्या राज्यात, मुली काही वर्षे मुलग्यांबरोबर खेळत आणि ठरावीक वय झाले की बाहेर काढल्या जात. २००३-०४मध्ये तीन शाळकरी मुलींनी या अटीविरुद्ध न्यायाधिकरणात दाद मागितली, त्यानंतर कुठे मुलींच्या स्वतंत्र स्पर्धांना वेग आला. त्यातली पेनी क्युला-रीड पुढे कॉलिंगवूड क्लबकडून महिलांच्या राष्ट्रीय लीगमध्ये खेळली.

म्हणजे पाया कच्चा होता आणि तरीही वरचा मजला चढवला गेला. महिलांची राष्ट्रीय लीग २०२०मध्ये सुरू करायची असे आधी ठरले होते. ती अलीकडे ओढून २०१७मध्येच आणली गेली. “खेळाडू तयार नाहीत, गुण कमी होतात, बघवत नाही,” ही टीका तेव्हाही झाली आणि आजही ऐकू येते. त्यात तथ्य अजिबात नाही असे मी म्हणणार नाही, काही सामने खरोखर रटाळ होतात. पण ३ फेब्रुवारी २०१७ रोजी कार्लटन आणि कॉलिंगवूड या पुरुषांच्या फुटीतल्या जुन्या क्लबांच्या महिला संघांमधल्या पहिल्या सामन्याला साडेचोवीस हजार लोक आत शिरले, दरवाजे बंद करावे लागले आणि लीगच्या मुख्याधिकाऱ्याने बाहेर येऊन ताटकळलेल्या लोकांची माफी मागितली. दादाला हे सांगितले तर तो लगेच म्हणेल की प्रवेश फुकट होता. होता, खरे आहे. पण गर्दी नुसती फुकट म्हणून जमली नव्हती, ती नावांमुळे जमली होती.

माझा सगळा मुद्दा या नावांपाशीच येऊन थांबतो. पहिल्या वर्षी आठ संघ होते आणि २०२२च्या ऑगस्टपर्यंत पुरुषांच्या लीगमधल्या अठराही क्लबांचे महिला संघ झाले. शेवटच्या चार संघांत एसेंडन आणि हॉथॉर्न होते. त्यांचा पहिलाच सामना पोर्ट मेलबर्नच्या छोट्या मैदानावर ठरला होता, तो मागणीमुळे शहरातल्या मोठ्या स्टेडियममध्ये हलवला आणि बारा हजार माणसे आली. आम्हीही गेलो होतो. माझ्या शेजारी बसलेल्या आजोबांच्या अंगात एसेंडनचा लाल-काळा जुना स्वेटर होता. एसेंडनच्या संघातली एकही मुलगी त्यांना नावाने माहीत नव्हती, तरी प्रत्येक गोलला ते उठून उभे राहत होते. जर्सी त्यांची होती, एवढे त्यांना पुरे होते. पैसाही सावकाशच आला. पहिल्या वर्षी बहुतेक खेळाडूंना जेमतेम साडेआठ हजार डॉलर मिळाले, २०२२च्या करारानंतर किमान मानधन एकोणचाळीस हजारांच्या वर गेले.

आता आपल्याकडचे पाहा. २०१६मध्ये महिलांच्या कबड्डीचा प्रयोग झाला होता, हे दादा आवर्जून सांगतो. तीन संघ होते: फायर बर्ड्स, आइस दिवाज आणि स्टॉर्म क्वीन्स. अंतिम सामना हैदराबादला झाला आणि २४-२३ असा एका गुणाने सुटला, यापेक्षा चुरस ती काय हवी? पण पुढच्या वर्षी ती स्पर्धा दिसलीच नाही. दादाच्या मते प्रयोग फसला. मला विचाराल तर तो नीट झालाच नाही. फायर बर्ड्स कुणाच्या गावच्या? प्रो कबड्डीतल्या पुणेरी पलटण किंवा यू मुंबा यांच्या मुली मॅटवर उतरल्या असत्या तर पुण्या-मुंबईच्या माणसाला कुणाच्या बाजूने ओरडायचे हे सांगावे लागले नसते. क्रिकेटने ही चूक केली नाही. २०२३मध्ये महिलांची लीग निघाली तेव्हा मुंबईच्या मुली मुंबई इंडियन्स म्हणूनच उतरल्या.

आणि ज्या पायासाठी इथे अजून धडपड चालली आहे, तो महाराष्ट्रात कबड्डीपुरता तरी केव्हाचा घातलेला आहे. मी तीस वर्षांपूर्वी जिल्ह्याकडून खेळले, तेव्हाही स्पर्धेच्या पत्रकावर महिला गट असायचाच आणि सामना रंगला की लोक भिंतींवर चढून बसत. पुण्याचा राजमाता जिजाऊ, मुंबईचा शिवशक्ती या महिला संघांची नावे कबड्डीच्या वर्तुळात कुणाला सांगावी लागत नाहीत. मार्च २०१२मध्ये पाटण्याला भारताच्या मुलींनी पहिला विश्वचषक जिंकला, त्यात महाराष्ट्राच्या तिघी होत्या आणि सरकारने त्यांना प्रत्येकी एक कोटी रुपये दिले. पुढचा महिला विश्वचषक व्हायला नोव्हेंबर २०२५ उजाडले. ढाक्याला तोही आपणच जिंकला. मधल्या तेरा वर्षांत ज्या मुलींची ऐन उमेदीची वर्षे सरली, त्यांना “आधी माणसं आणा” हे कोणत्या तोंडाने सांगायचे?

इथल्या क्लबचेही फार कौतुक करण्यासारखे नाही. महिलांच्या वाट्याला आलेली कपडे बदलण्याची खोली पुरुषांसाठीच बांधलेली आहे. भिंतीवरच्या मुताऱ्यांपुढे एक निळे ताडपत्रीचे कापड टांगले आहे आणि वारा आला की ते फडफडते. मैदानाचा दिव्यांखालचा अर्धा भाग पुरुषांच्या संघाला आणि अंधारातला मुलींना, असे पहिले तीन आठवडे चालले. मग आमच्यातल्या दोघी-तिघी आया समितीच्या बैठकीला गेल्या आणि सरावाचे वार बदलून घेऊन आल्या. बैठकीत फार वाद झालाही नाही. मुलींचा विचार करायचा कुणाला सुचलेच नव्हते, आणि याचा मला जास्त राग आला.

गेल्या गुरुवारी एक गंमत झाली. समोरची मुलगी चेंडू घेऊन निसटते आहे असे दिसताच लेकीने जमिनीलगत झेप घेतली आणि तिचा घोटा धरला. प्रशिक्षक बाईंची शिट्टी वाजली. खांद्याच्या खाली आणि गुडघ्याच्या वर, तेवढ्यातच धरायचे, असा इथला नियम आहे. लेकीने कठड्याकडे पाहून माझ्याकडे बोट केले, कारण कबड्डीतली ही पकड मीच तिला लहानपणी मागच्या अंगणात शिकवली होती.

तो व्हिडिओ मी माहेरच्या ग्रुपवर टाकला. दादाने विचारले, “शनिवारच्या मॅचला माणसं किती येणार?” मी लिहिले की आई-वडील धरून साठ-सत्तर येतील. तेवढ्यात भाचीचा मेसेज आला, “आत्या, घोटा धरायचा नाही तर मग पकडायचं कसं?”

मी लिहिले, “कमरेला मिठी मार, आणि चेंडूसकट खाली आण.”