चित्र तर दिसतंय ना, काका?

एचटी-2 या जुन्या शिकाऊ विमानाची आम्ही डागडुजी करतोय, त्यासाठी एका कार्यालयाकडे ठेवलेली मूळ ड्रॉइंग मागितली होती. अकरा महिने. चौदा ईमेल, दोन प्रत्यक्ष खेटे, साडेआठ हजार रुपये सेवाशुल्क भरल्याची पावती, आणि मंगळवारी हातात पडला एक पेन ड्राइव्ह. आत 212 फायली. त्यातली आम्हाला हवी होती ती एकच शीट, एचटी-2च्या टेलप्लेनच्या, म्हणजे शेपटीच्या आडव्या पंखाच्या, पुढच्या ब्रॅकेटची. ती उघडली तर उजवी कडच नाही. टायटल ब्लॉक, म्हणजे ड्रॉइंगची सगळी ओळख लिहिलेला चौकोन गेला, ड्रॉइंग नंबर गेला, इश्यू म्हणजे कितवी आवृत्ती ते गेलं, मटेरियलचा रकाना गेला, टॉलरन्स म्हणजे मापात किती फरक चालेल ते गेलं. ए-झीरोचा कागद घडी घालून ए-थ्रीच्या स्कॅनरवर ठेवला, जेवढा मावला तेवढा घेतला आणि बाकीचा सोडून दिला. घडीची काळी रेघ नेमकी दोन भोकांमधल्या अंतराच्या आकड्यावरून गेली आहे. दशांशानंतरचा शेवटचा आकडा 1 आहे की 7, हे चार माणसांनी भिंगातून बघूनही ठरेना.

फोन केला. त्या कार्यालयातल्या मुलाला आधी शांतपणे समजावलं की अहो, कड कापली गेली आहे, ती शीट परत स्कॅन करून द्या. तो म्हणाला, "काका, चित्र तर दिसतंय ना?"

चित्र! पोरा, ते चित्र नाही रे. त्याच कागदावर खाली "डू नॉट स्केल" असं लिहिलेलं असतं. त्याचा अर्थच हा की रेघांवर पट्टी लावून माप घ्यायचं नाही, मी दिलेला आकडाच खरा. रेघा फक्त आकडा कुठल्या भागाचा आहे ते दाखवतात. आकडा गेला की उरलेल्या रेघांचा मला काडीचा उपयोग नाही. असा ब्रॅकेट कसा दिसतो ते मला 1976पासून माहीत आहे, बिदरच्या हवाई दलाच्या तळावर असताना शेकडो वेळा त्यावर हात फिरवला आहे. मला तो कसा दिसतो हे नको होतं. तो कशाचा केला, किती जाड, भोक नुसतं ड्रिलचं की रीम करून नेमक्या मापाला आणलेलं, आणि किती थाऊचं (इंचाच्या हजाराव्या भागाचं) स्वातंत्र्य दिलं होतं, हे हवं होतं.

तरी आवाज चढवला नाही. म्हटलं ठीक आहे, मूळ कागद काढून ठेवा, आम्ही स्वतः येतो, आमचा कॅमेरा आणतो, तुम्हाला तोशीस नाही. त्यावर तो अगदी सहज म्हणाला, "ओरिजिनल आता नाहीत काका. स्कॅनिंग झाल्यावर जागा मोकळी करायची होती. रद्दीत दिले."

मी फोन ठेवला नाही, आपटला. त्या मुलावर ओरडलो, आणि त्याबद्दल मला वाईट वाटतंय, कारण रद्दीत देण्याचा निर्णय त्याचा नव्हता. तो निर्णय ज्या खुर्चीचा होता त्या खुर्चीला मात्र मी माफ करणार नाही. ते कागद त्यांनी विकत घेतलेले नव्हते. एका दिवंगत अभियंत्याच्या घरच्यांनी तीन ट्रंका भरून विश्वासाने दिले होते. "बाबांचे कागद नीट राहतील" एवढ्याच बोलीवर दिले. त्या माउलीला आता मी काय सांगू? ट्रंका कुठे आहेत असं तिने विचारलं तर?

आणि असे कागद म्हणजे नुसत्या झेरॉक्स नव्हेत. आमच्यात अण्णा आहेत, वय 81, उभं आयुष्य ड्रॉइंग ऑफिसात गेलं. ते सांगतात, पूर्वी मूळ ड्रॉइंग ट्रेसिंग क्लॉथवर शाईने काढायचे, खळ लावलेलं तलम सुती कापड. त्यावरून अमोनिया प्रिंट निघायच्या, त्या वर्कशॉपमध्ये जायच्या. रद्द झालेलं ट्रेसिंग लोक घरी नेऊन गरम पाण्यात धुवायचे, खळ निघाली की त्याचे रुमाल व्हायचे, बाळाची झबली व्हायची. अण्णा हे सांगताना नेहमी म्हणतात, "पण आधी त्यावर रद्दचा शिक्का आणि सही पडायची." आता शिक्का नाही, सही नाही, यादी नाही. ट्रंकेत प्रिंट किती होत्या आणि कापडावरची ट्रेसिंग किती, हे वजनकाट्यावर चढवण्याआधी कुणी मोजलंसुद्धा नाही.

अरे, कुठल्या विमानाचे कागद होते ते तरी बघायचं. एचटी-2. हिंदुस्थान ट्रेनर. भारतात आरेखन होऊन कारखान्यात उत्पादनाला गेलेलं पहिलं इंजिनाचं विमान. 5 ऑगस्ट 1951ला बंगळुरात पहिल्यांदा उडालं. आरेखन करणाऱ्या चमूचे प्रमुख डॉ. विष्णू माधव घाटगे, आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातले. जर्मनीत गॉटिंगेनला वायुगतिकीचे मोठे शास्त्रज्ञ लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली डॉक्टरेट करून आलेला माणूस. पुढे त्यांना पद्मश्री मिळाली, आणि आज इथल्या इंजिनिअरिंगच्या पोरांना नाव विचारलं तर दहातल्या नऊ जणांना माहीत नसतं. हवाई दलाच्या किती पिढ्या याच विमानावर पहिल्यांदा एकट्याने उडाल्या! बारा विमानं घानाला गेली, तिथलं हवाई दल त्यावर शिकलं.

आपल्या हवाई दलाचं जुनं टायगर मॉथ विमान ब्रिटनमध्ये दुरुस्त झालं, जुनं डकोटाही तिथेच उडण्याजोगं होऊन 2018मध्ये परत आलं. छान झालं. पण एचटी-2 घेऊन मी कुठल्या देशात जाऊ? ते इथे जन्मलं. त्याचे कागद इथे गेले की जगातून गेले. हे एवढं साधं कुणाच्या डोक्यात शिरत नाही.

आमचं विमान वीस-बावीस वर्षं एका कॉलेजच्या फाटकात पावसात उभं होतं. प्रत्येक 26 जानेवारीला त्याच्यावर रुपेरी ऑइलपेंटचा थर. खालचा गंज न काढता, रिव्हेटची डोकी न मोकळी करता, डेटा प्लेटवरसुद्धा! आम्ही ती प्लेट तीन दिवस खपून साफ केली तेव्हा नंबर दिसला. चाकांना काँक्रीट. पोरं विंगवर उभी राहून फोटो काढायची, विंगवर "नो स्टेप" लिहिलेलं असतं ते रंगाखाली गेलेलं. इंजिन ब्रिटिश, सिरस मेजर, 155 अश्वशक्तीचं, सगळे धागे ब्रिटिश. आणि मधल्या काळात कुणा शहाण्याने काउलिंगच्या (इंजिनावरच्या झाकणाच्या) 2 बीए या ब्रिटिश मापाच्या भोकांत एम-5 या मेट्रिक मापाचे स्क्रू पिळून बसवलेत. 2 बीए 4.7 मिलिमीटर, एम-5 पूर्ण पाच. पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, जवळपास सारखी, म्हणून जोर लावला की जातो आत. जातो म्हणजे बसतो असं नाही! धाग्याचा कोनच वेगळा आहे. एकोणीस भोकं नासवली.

त्यात सल्ले देणारे. "मूळ तुकडा आहे ना, मग माप घेऊन करा." घेतलं माप. फ्युजलाजच्या (विमानाच्या धडाच्या) शेपटीकडचा पत्रा मायक्रोमीटरवर 0.60 मिलिमीटर भरला. 22 गेज म्हणजे 0.71 आणि 24 गेज म्हणजे 0.56. आता सांगा, हा गंजून पातळ झालेला 22 आहे की रंगाचा अंश राहिलेला 24? ब्रॅकेटचं भोक लांबट झालंय. बोल्टने घासून झालं की कधीकाळी ऑफसेट रीम केलं होतं, ते धातू बोलत नाही. कागद बोलतो. कुठल्या मॉडिफिकेशननंतरचं आहे, हीट ट्रीटमेंट कुठली, सगळं त्या उजव्या कडेला असतं. भोसरीचा आमचा मशीनवाला चांगला माणूस, फुकट काम करतो, त्याने साधं विचारलं, "काका, टॉलरन्स काय धरू?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

"थ्री-डी स्कॅन करा." केलंय. वाकलेल्या भागाचं अगदी अचूक वाकलेलं मॉडेल मिळालं. "नेटवर ब्ल्यूप्रिंट मिळते की." ती ब्ल्यूप्रिंट नाही! पुढून, बाजूने, वरून काढलेली तीन दृश्यं म्हणजे ब्ल्यूप्रिंट नव्हे, ती छोटी मॉडेलं बनवणाऱ्यांसाठी असतात. त्यांना त्यांच्या जागी मान आहे. पण वर्षभरात तीच एक प्रतिमा मला सदतीस जणांनी पाठवली.

माहितीच्या अधिकारात दुसऱ्या एका कार्यालयाला अर्ज केला होता, दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर लावून. उत्तर: सुरक्षेच्या कारणास्तव देता येत नाही. सत्तर वर्षांपूर्वीचं, दोन सीटचं शिकाऊ विमान, सेवेतून कधीच गेलेलं, संग्रहालयात शाळेची पोरं ते डोळ्यांनी बघतात! वीस वर्षांहून जुनी माहिती द्यावी असं कलम 8(3) सांगतं, पण सुरक्षेचं कारण पुढे केलं की ते लागू होत नाही, म्हणून नेमकं तेच कारण पुढे केलं. अपील केलं. तेच वाक्य परत आलं, फक्त तारीख नवी.

आणि काही निवृत्त मंडळी. कपाटात मेंटेनन्स मॅन्युअल आहे, दाखवणार नाहीत. "बघू नंतर." साहेब, आपण सगळेच सत्तरी ओलांडलेले आहोत. नंतर म्हणजे कधी?

2017मध्ये वेल्समध्ये, इंग्लंडच्या सीमेजवळ ब्रॉटनला एअरबसच्या कारखान्यातली एक जुनी इमारत पाडायची होती. पाडण्याआधी कुणीतरी आत जाऊन बघितलं, आणि दुसऱ्या महायुद्धातल्या मॉस्किटो विमानाची मायक्रोफिल्मवरची वीस हजारांहून जास्त ड्रॉइंग सापडली. ती सरळ मॉस्किटो पुन्हा उडवू पाहणाऱ्या संस्थेला देऊन टाकली. कॅनडात 1959मध्ये ॲव्हरो ॲरो या लढाऊ विमानाचा प्रकल्प रद्द झाला, विमानं आणि कागद नष्ट करायचा हुकूम निघाला. एका ड्राफ्ट्समनने काही ड्रॉइंग घरी नेऊन ठेवली, ती 2020मध्ये लोकांना बघायला मिळाली. साठ वर्षं त्या घराने जपली. इथे हुकूम नव्हता, कुणी मागितलं नव्हतं, एक खोली मोकळी करायची होती तेवढंच.

माझी हात जोडून विनंती आहे. कुणाच्या माळ्यावर, वडिलांच्या पेटीत, गुंडाळी केलेले निळसर, अमोनियाचा वास येणारे कागद असतील तर देऊ नका कुणाला. आधी उलगडून उजव्या खालच्या कोपऱ्यातला नंबर वाचा. स्कॅन करायचा असेल तर चारही कडा आल्या पाहिजेत, तुकड्यातुकड्यांनी करा पण पूर्ण करा. आणि स्कॅन झाला म्हणून कागद फेकू नका. लॅमिनेशन तर अजिबात नको.

काल रद्दीवाल्याचा नंबर मिळवला. तो म्हणाला, कागद तेव्हाच गिरणीला गेला, दोन महिने झाले. कापडासारखं काही होतं का विचारलं. आठवत नाही म्हणाला, गोदामात मागच्या बाजूला काही गठ्ठे पडलेत, बघायचे तर या. अण्णांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन गेल्या महिन्यात झालंय, धुळीत जाऊ नका असं डॉक्टरांनी बजावलंय. मी एकटा जातो म्हटलं तर ऐकेनात. म्हणाले, "अक्षर कुणाचं आहे ते तुला कळणार नाही. गोदाम नऊला उघडतं ना? आठला निघू."